गायराख्याच्या गाई

उजनीच्या पाण्यावरनं आलेलं धुकं सकाळचे साडेसात वाजले तरी निमगाव केतकीच्या स्टँडवरनं हललं नव्हतं. इंदापूरकडून आलेली एसटी दिवे लावूनच बारामतीच्या दिशेला गेली. रस्त्याच्या कडेला, कडुलिंबाखाली, शिवमनं उसाची मोकळी ट्रॉली उभी केली होती आणि ट्रॅक्टरवर बसून तो हात चोळत होता. ट्रॉलीच्या मागच्या फळीपुढं बादशाभाई शिकलगार उकिडवे बसले होते. डोक्याला मफलर, स्वेटरवर बायकोची विटकी शाल; उघडा काय तो उजवा हात. गारठ्यानं डब्यातला पांढरा रंग साईसारखा घट्ट झाला होता. त्यांनी त्यात टर्पेंटाइनचे चार थेंब सोडले, काडीनं ढवळलं आणि फळीवर ‘एमएच ४२’ एवढं एका दमात ओढलं. पट्टी नाही, खडूची रेघ नाही. तरी अक्षरं कवायतीला उभी केल्यासारखी एका रांगेत.

"भाई, उरका की. कारखान्यावर रांग लागलीया."

"रंग थंडीत चालत न्हाय बाबा. तुझ्या इंजनासारखंच त्याचं. आधी तापाय लागतंय."

तेवढ्यात बादशाभाईंचा फोन वाजला. फोन ढवळेवस्तीच्या दूध संस्थेचे चेअरमन हिंदुराव तात्यांचा. तात्यांना फोनवर ओरडून बोलायची सवय, त्यामुळं ट्रॅक्टरवरच्या शिवमलाही सगळं ऐकू गेलं.

"बादशाभाई, भिंत वाळली! या आता. आन कमिटीनं पास केलंया, लढाईच काढायची!"

बादशाभाईंनी ब्रश डब्यात उभा केला आणि उठले. गुडघे कडकडले तरी त्यांच्या ते ध्यानात आलं नाही.

"आन माझा नंबर?" शिवम म्हणाला.

"खेप टाकून ये. मी काय पळून जातोय का? हितंच हाय."

शिवम खेप टाकून आला तेव्हा कडुलिंबाखाली नुसतं स्टूल होतं. पुढचे अकरा दिवस त्याची ट्रॉली ‘एमएच ४२’ एवढ्याच नावावर फिरली.

बादशाभाईंचं वय सत्तावन्न. सोळाव्या वर्षी हातात ब्रश धरला तो अजून सुटला नाही. वडगाव निंबाळकरपासून इंदापूरपर्यंत कुठल्याही गावात जा, एखाद्या भिंतीवर त्यांचा हात दिसणारच. ‘येथे दळण दळून मिळेल’ त्यांनीच लिहिलं, शाळेतला महाराष्ट्राचा नकाशा त्यांचाच, संडास बांधा म्हणून सांगणारी बाईही त्यांचीच. पण सगळ्यात जास्त काय काढलं असेल तर गाय. गावोगाव दुधाच्या संस्था निघाल्या, प्रत्येक संस्थेच्या दारावर गाय पाहिजे. बादशाभाईंची गाय एवढी जिवंत की वाकून वास घ्यावा असं वाटे. लोक म्हणत, "पेंटर, तुमच्या गाईची धार काढली तर दोन लिटर कुठं जात न्हाय."

मग फ्लेक्स आला. तात्यांच्याच पुतण्यानं, रणजितनं, बारामतीत मशीन टाकलं. सकाळी फोटो दिला की दुपारी बोर्ड तयार. बादशाभाईंच्या हातातलं काम निम्म्यावर आलं, पण माणूस कुरकुरला नाही. ट्रॉल्यांचे नंबर, देवळातल्या घंटेखालची नावं, टेम्पोवरचे मोर, एवढ्यावर त्यांचं नि गौहरभाभींचं सुखात चाललं होतं. लेक परवीन साताऱ्याला नर्स झाली होती. आणखी काय पाहिजे?

एक पाहिजे होतं. लढाई.

त्यांचे वडील शिकलगार. सहाणेच्या चाकावर कोयते, विळे, कात्र्या लावायचे. दसरा जवळ आला की पंचक्रोशीतल्या जुन्या घरांमधल्या तलवारी कापडात गुंडाळून त्यांच्याकडं यायच्या. वडील पातं चाकाला लावायचे, पोरगा चाकाचा पट्टा ओढायचा. ठिणग्या उडायच्या आणि त्या ठिणग्यांमागं पोराला घोडे दिसायचे. मग तो कोळशानं घराच्या मागच्या भिंतीवर लढाई काढायचा आणि आई ती शेणानं सारवून टाकायची. मोठेपणी हातात ब्रश आला, रंग आले, भिंती आल्या. पण चाळीस वर्षांत एकही गिऱ्हाईक असं म्हणालं नाही की भाई, लढाई काढा. सगळ्यांना गाय पाहिजे होती.

ढवळेवस्तीवर पाणवठ्याशी एक वीरगळ उभी आहे. कमरेएवढा काळा दगड, तीन खणांत कोरलेला. खालच्या खणात आडवा पडलेला माणूस नि त्याच्या अंगावर गाईंची रांग, मधल्या खणात झुंज, वरच्या खणात तोच माणूस पिंडीपुढं हात जोडून बसलेला. गाई पळवून नेणाऱ्यांना अडवताना मेला, एवढंच लोकांना ठाऊक. नाव कुणाला माहीत नाही. वस्तीवर त्याला गायराख्या म्हणतात. घरात गाय व्याली की पहिला चीक आधी गायराख्याला. वाटीभर दगडावर ओतायचा, मगच घरात खरवस. दूध संस्थेची नवी इमारत झाली आणि कमिटीत कुणीतरी म्हणालं, रस्त्याकडची बावीस फुटी भिंत मोकळी आहे, तिच्यावर गायराख्याची लढाई घ्या. उद्घाटन महाशिवरात्रीला. त्याला अकरा दिवस होते.

पहिल्या दिवशी बादशाभाई भिंतीपुढं नुसते बसून राहिले. दूध घालायला आलेल्या माणसांनी विचारलं, "काय भाई, मुहूर्त बघताय का?"

"हत्यारं लावतोय," ते म्हणाले. "लढाई म्हंजी काय? हत्यार. आधी तलवारी बसवायच्या, मग त्येंच्याखाली माणसं आणायची."

आणि खरंच त्यांनी तसंच केलं. आधी कोरडी भिंत तलवारींनी भरली. सरळ पात्याच्या, वाकड्या पात्याच्या, मुठीला वाटी असलेल्या, नसलेल्या. भाले, ढाली, खंजीर. प्रत्येक पात्याच्या पाठीवरची खाच, धारेवरची निळी झाक, सगळं वडिलांच्या चाकावर पाहिलेलं. लोक संध्याकाळी दूध घालून झालं की तलवारी मोजत बसायचे. सत्तेचाळीस भरल्या. हिंदुराव तात्या मिशीवर हात फिरवून म्हणाले, "भाई, पुण्यात असता तर लोकांनी डोक्यावर घेतलं असतं."

"डोक्यावर चढून काय करू तात्या? माझी शिडी हितं हाय."

चौथ्या-पाचव्या दिवशी माणसं आली. मधोमध गायराख्या. छाती पुढं, मिशा वर, तलवार आभाळात, पायाखाली दगड. सहाव्या दिवशी दुपारी राहिल्या गाई. गाईंची त्यांना फिकीरच नव्हती. गाय म्हणजे डोळे झाकून. गौहरभाभींनी दिलेली बाजरीची भाकरी नि वांग्याचं भरीत खाल्लं, शिडीवर चढले, आणि चार वाजेपर्यंत अकरा गाई उभ्या करून टाकल्या. मोबाइलवर जुनी गाणी लावली होती. हात आपला आपण चालत होता.

संध्याकाळी सगळी वस्ती जमली. पोरांनी फोटो काढले, रणजित बारामतीहून मुद्दाम आला, तात्यांनी चहा सांगितला. कुणालाच काही वावगं दिसलं नाही.

मग कौसल्याबाई आल्या. त्या तात्यांच्या थोरल्या भावजय. सत्तरी ओलांडलेली, पण गोठ्यातलं काम अजून कुणाच्या हाती देत नाहीत. आठवडाभर लेकीकडं वडगाव निंबाळकरला होत्या, त्यामुळं त्यांनी भिंत आत्ताच पाहिली. कमरेवर हात ठेवून त्या डावीकडून उजवीकडं चालत गेल्या, पुन्हा डावीकडं आल्या.

"बादशा, ह्या गाई कुणाच्या रं?"

"गायराख्याच्या, काकी. चोरटी न्यायला आल्यात त्या."

"व्हय? मग त्याला ह्या मिळाल्या कुठनं? बँकेचं लोन काढलं हुतं का त्यानं?"

कुणाला काही कळेना. बाईंनी काठी उचलून एकेक दाखवायला सुरुवात केली. "ही काळी-पांढरी. ही बी काळी-पांढरी. पाठ बघ, टेबलासारखी सपाट. वशिंड न्हाय, शिंगाचा पत्ता न्हाय. कास बघ, भुईला टेकाया आलीया, ही पळल का दहा पावलं? आन ह्यो कानात बिल्ला!"

बादशाभाईंनी पाहिलं. अकराच्या अकरा गाई संकरित होत्या. काळ्यापांढऱ्या ठिपक्यांच्या, जड आचळांच्या, चाळीस वर्षं डेअरीच्या दारांवर काढल्या तशाच. आणि प्रत्येकीच्या डाव्या कानात सरकारी टोचणी झाल्याचा पिवळा बिल्ला. तलवारींच्या दंगलीत त्या गव्हाणीपुढं उभ्या असल्यासारख्या निवांत उभ्या होत्या. वस्तीवर चाळिशीच्या आतल्या कुणी दुसरी गाय पाहिलेलीच नव्हती, म्हणून कुणाला खटकलं नव्हतं. आता मात्र एकदा दिसलं ते दिसलं. आधी एक पोरगी फिसकन हसली, मग सगळी वस्ती.

"गायराख्या ढेप घालून आलाय लढाया!"

"आन तो चोर न्हाय रं, डॉक्टर हाय! सुई घिऊन आलाय!"

रणजितनं मोबाइल काढून बिल्ल्याचा जवळून फोटो घेतला. चहा गार व्हायच्या आत तो इंदापूरपर्यंत पोचला. बादशाभाई लोकांबरोबर हसले, हसण्यासारखंच होतं. पण ब्रश पुसून झाला तरी ते तो पुसतच राहिले.

तात्या हसले नाहीत. उद्घाटनाला चार गावची माणसं यायची होती.

"भाई, आता?"

"मी दुरुस्त करतो तात्या."

"काका, कशाला त्रास भाईंना," रणजित म्हणाला. "बावीस बाय नऊचा फ्लेक्स मारतो. कॉम्प्युटरवर तयार लढाई हाय. धूर, आग, सगळं. वरनं ठोकायचा, खालचं कुणाला दिसत बी न्हाय."

तात्यांनी भिंतीकडं पाहिलं, बादशाभाईंकडं पाहिलं. "शनवारी सांजच्यापर्यंत बघतो. पटलं तर र्‍हाईल. न्हाईतर भाई, मनाला लावून घेऊ नगा, फ्लेक्स."

घरी आल्यावर बादशाभाईंनी गौहरभाभींना सगळं सांगितलं. त्या मेथी निवडत होत्या. बिल्ल्याचं ऐकल्यावर त्यांनी पदर तोंडावर घेतला.

"हस तू बी हस."

"हसू नको तर काय करू? बिल्ला!" मग त्यांनी डोळे पुसले. "आन त्या गाईंना शिव्या नका देऊ. चाळीस वर्षं त्येंनीच पोसलंय आपल्याला. बोलावलं न्हाई तरी आल्या, घरच्या माणसासारख्या."

"भिंत जाईल गं."

"खिलार गाय शेवटची कवा बघितली तुमी? जवळनं?"

त्यांनी आठवून पाहिलं. बैल पाहिले होते, शर्यतीचे. गाय? आठवेना.

"मग बसल्या जागी कशी काढणार? सुप्याला जावा. आमच्या अब्बांच्या शेजारचा महिपती हाय न्हवं, त्यानं अजून राखल्यात. सारं माळरान पडलंय त्याला. माझं नाव सांगा, न्हाईतर कुत्रं सोडंल."

दुसऱ्या दिवशी सकाळी बादशाभाई मोटारसायकलवर निघाले. अंगावर तीच शाल. बारामती मागं पडली तसा ऊस संपला, कालवा संपला, आणि पिवळं गवत नि खडे सुरू झाले. सुप्याच्या अलीकडं माळावर महिपती काठीला टेकून उभा होता. त्याच्यापुढं चौदा गाई चरत होत्या. पांढऱ्या, उंच पायांच्या, लांब तोंडाच्या, आणि शिंगं मागं जाऊन पुन्हा आभाळात वळलेली. बादशाभाईंना वाटलं, ही जनावरं नाहीत, ही कुणीतरी एका रेघेत काढलेली आहेत.

त्यांनी लांबूनच गौहरभाभींचं नाव सांगितलं.

"गौहरचं दादलं व्हय तुमी?" महिपती म्हणाला. "लांबनंच बघा. परक्या माणसाला शिंगावर घेत्यात."

"मला त्या पळताना बघायच्यात."

"का? मागं कोण लागलंय?"

"चित्र काढायचंय. लढाईचं."

महिपतीनं त्यांना खालपासून वर न्याहाळलं. "पाव्हणं, गाई पळवायच्या नसत्यात. त्या पळू नयेत म्हणून तर मी हितं उभा हाय."

बादशाभाई दोन तास बांधावर बसून वहीत गाई काढत राहिले. शिंगं जमली, वशिंड जमलं, कान जमले. पण सगळ्या उभ्या. ऊन चढलं, अंगाला घाम आला, म्हणून त्यांनी उठून शाल काढली आणि झटकली. माळावरचा वारा शालीत शिरला. शाल फाडकन उघडली.

चौदाच्या चौदा गाईंनी एकदम माना वर केल्या. आणि मग माळ हलला.

बादशाभाई मागं सरले, पाय बांधावरनं सुटला नि ते खालच्या चरात उताणे पडले. वही एकीकडं, चष्मा एकीकडं. डोळ्यांत माती गेली. उठायचं भान नव्हतं, ते पडूनच राहिले आणि पडल्या पडल्या त्यांना जे दिसलं ते त्यांनी आजपर्यंत कुठंच पाहिलं नव्हतं. खाली खूर. नुसते खूर, भुईला मारून उचललेले. त्यांच्यावर धुरळा, भिंतीसारखा, जाड, तांबूस. धुरळ्यात अंगं नाहीतच. एखादा पांढरा खांदा आला नि गेला, एखादा डोळा आला, पांढरा झालेला. आणि सगळ्यात वर, धुरळ्याच्याही वर, शिंगं. तीच तेवढी स्पष्ट. धावणाऱ्या रानासारखी.

आणि त्या शिंगांच्या पुढं महिपती. त्यानं काठी कधीच टाकून दिली होती. पाय फाकवून, गुडघ्यात वाकून, दोन्ही हात बाजूला ताणून तो उभा होता आणि तोंड वासून ओरडत होता, "होऽऽ! होऽऽ! हो गं माझ्या बाई!" त्याच्या मिशा वर नव्हत्या. छाती पुढं नव्हती. सगळं अंग पायांच्या चवड्यांत उतरलं होतं. पुढची गाय त्याच्यापासून हातभर अंतरावर थांबली. तिच्या मागनं सगळ्या थांबल्या. धुरळा मात्र थांबला नाही. तो महिपतीवरनं पुढं निघून गेला.

महिपती खाकरत चरापाशी आला. त्यानं हात देऊन बादशाभाईंना उठवलं.

"लागलं का?"

"न्हाय."

"मग रडताय कशापायी?"

"माती गेली डोळ्यात," बादशाभाई म्हणाले. मग चष्मा शोधून पुसत म्हणाले, "महिपतीराव, तुमच्या हातात काठी बी न्हवती."

"काठी बघून बिथरत्यात त्या अजून. भ्यालेल्या जनावराला हत्यार दावून चालत न्हाय. आपुन हाय, एवढं दावायचं."

येताना बादशाभाईंनी माळावरची गोणीभर माती मोटारसायकलच्या मागं बांधून आणली.

शुक्रवारी सकाळी गौहरभाभी भिंतीपाशी डबा घेऊन आल्या तेव्हा त्यांची पिठाची चाळणी तिथं होती. बादशाभाई चाळणीनं माती गाळत होते.

"अहो, माझी चाळण!"

"नवी आणतो."

"कवा?"

"लढाई संपली का."

त्यांनी कपाळाला हात लावला, आणि मग खाली बसून स्वतःच माती गाळायला लागल्या, कारण नवरा निम्मी बाहेर सांडत होता. बादशाभाईंनी त्या मातीत डिंकाचं पाणी नि डिस्टेंपर कालवला. तांबूस, पिवळा, राखी, अशा तीन बादल्या केल्या. मोठा चुन्याचा कुंचला घेतला आणि शिडीवर चढून थोडा वेळ तसेच उभे राहिले.

समोर सत्तेचाळीस तलवारी होत्या. वडिलांच्या चाकावरनं उतरलेल्या. उन्हात धारा चमकत होत्या.

"काय झालं?" गौहरभाभींनी खालून विचारलं.

"ह्या बुजवाव्या लागतील."

"सगळ्या?"

"माणसं दिसाया नगंत, हत्यारं दिसाया नगंत. धुरळ्यात कुठं दिसत्यात? मी हत्यारापासनं लढाई काढाय गेलो, तितंच चुकलो. लढाई पायापासनं काढायची. भुई आधी हलली पायजे."

"मग तुमच्या अब्बांना सांगा एकदा, आन बुजवा."

बादशाभाईंनी मनातल्या मनात काय सांगितलं कुणास ठाऊक. कुंचला बादलीत बुडवून त्यांनी पहिला फराटा ओढला आणि डावीकडच्या नऊ तलवारी, तिथल्या दोन बिल्लेवाल्या गाईंसकट, धुरळ्यात गेल्या.

दोन दिवस ते खाली बसून चित्र काढत राहिले. शिडीवर फार चढलेच नाहीत. भिंतीचा खालचा भाग त्यांनी पडल्या माणसाच्या डोळ्यांनी काढला: खूर, उडालेले खडे, एक सुटलेली ढाल. वर तांबूस धुरळा, त्यात अर्धवट बुडालेले पांढरे खांदे, एक उलटा झालेला डोळा. सगळ्यात वर शिंगं. चोरटे आता नुसते आकार होते, धुरळ्यात हरवलेले, कोण कुठला कळत नव्हतं. तलवारी तीन राहिल्या. मधल्या गायराख्याच्या मिशा त्यांनी खाली आणल्या, गुडघे वाकवले, हात पसरले, तोंड उघडलं. त्याची तलवार भुईवर पडलेली काढली.

दूध घालायला येणारी माणसं आता मोजत नव्हती. थांबत होती, बघत होती, आणि कॅन घेऊन गुमान जात होती. बादशाभाईंना त्या गप्प बसण्याचाच घोर लागला.

शनिवारी संध्याकाळी तात्या आले. मागं रणजित, त्याच्या गाडीवर फ्लेक्सची गुंडाळी आडवी बांधलेली. तात्या भिंतीपुढं उभे राहिले. त्यांना पटलं की नाही हे त्यांनाच ठरवता येत नव्हतं. "तलवारी चांगल्या हुत्या," एवढंच ते पुटपुटले. मग म्हणाले, "वहिनींना येऊ द्या. त्येंनीच काढलीया खोड, त्याच सांगतील."

कौसल्याबाई आल्या त्या हातात पितळी वाटी घेऊन. त्यांच्या गोठ्यातली गाय दुपारीच व्याली होती. आधी त्या पाणवठ्याकडं गेल्या, गायराख्याच्या दगडावर चीक ओतला, हात जोडले. मग इकडं वळल्या. भिंतीच्या डाव्या टोकापासून चालत निघाल्या. बादशाभाई शिडीला धरून उभे होते. गौहरभाभी चाळणीवर हात ठेवून बसल्या होत्या.

बाई मध्येच थांबल्या. एक पाऊल मागं सरल्या.

"ही डावीकडची मारकी हाय," त्या म्हणाल्या.

तात्यांनी वाकून त्या गाईकडं पाहिलं.

"आमच्या सासऱ्याकडं अशीच हुती. मी नवी नवरी, पहिल्याच दिवशी मला शेणाच्या ढिगात पाडलं तिनं. डोळा असाच करायची, मेली." त्यांनी गायराख्याकडं पाहिलं. मग खाली वाकल्या, वाटीत राहिलेला चीक भिंतीच्या पायथ्याशी, मातीत ओतला. "अर्धी वाटी राखून ठेवली हुती. वाटलं, बघावं आधी. घे बाबा, हितं बी तूच हायस."

तात्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं आणि पुन्हा घातली. "ठरलं मग," ते म्हणाले. "रणजित, ती गुंडाळी घरी ने. कडब्यावर टाकायला हुईल."

रणजित हसला. वाईट वाटलं असेल तरी त्यानं दाखवलं नाही. भिंतीचे चार-पाच फोटो काढून म्हणाला, "भाई, ह्याचाच फ्लेक्स करू का? उद्याच्या कमानीला?"

"कर की. पण वाऱ्यानं फाटला आन गाई सुटल्या तर मला बोलवायचं न्हाय."

"एक ऱ्हायलं," तात्या म्हणाले. "डेअरी आपली. आपली बी एखादी गाय नगं का कुठं? ह्या गाईंचं दूध कोण घालतंय संस्थेत?"

बादशाभाईंनी त्यांना हाताला धरून दाराशी नेलं. दाराच्या पलीकडच्या अरुंद पट्टीवर, लढाईपासून बाजूला, एक काळीपांढरी गाय निवांत रवंथ करत उभी होती. कास भुईला टेकायला आलेली. कानात पिवळा बिल्ला.

"हिला कशी काढणार बाहेर?" बादशाभाई म्हणाले. "घरची हाय."

महाशिवरात्रीला चार गावची माणसं आली, भाषणं झाली, सगळ्यांना खिचडी नि केळी मिळाली. बादशाभाईंना व्यासपीठावर बोलावून नारळ दिला तेव्हा ते सुप्याच्या महिपतीला शोधत होते. तो आला होता, पण भिंतीपुढनं हलायला तयार नव्हता. कुणीतरी त्याला सांगितलं, हा मधला माणूस तुमच्यावर बेतलाय. महिपतीनं मान हलवली. "मी एवढं तोंड उघडत न्हाय," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी निमगाव केतकीच्या स्टँडवर धुकं नव्हतं. बादशाभाई बाजारातून नवी चाळणी घेऊन येत होते, तोच मागनं भोंगा वाजला. शिवमनं ट्रॉली कडुलिंबाखाली आणून उभी केली आणि खाली उडी मारली.

"भाई! अकरा दिस मी अर्धा नंबर घिऊन फिरतोय. कारखान्यावर पोरं म्हणत्यात, ह्याच्या बापाचं नाव लिवायचं ऱ्हायलंय."

"तुला म्हणलं न्हवतं का, मी हितंच हाय म्हणून?"

"बघितली भिंत. जाता-येता दिसती. धुरळा लई भारी काढलाय."

"बस. आकडे सांग."

चाळणी त्यांनी फांदीला अडकवली, स्टूल ओढलं, डबा उघडला. टर्पेंटाइनची बाटली हातात घेतली, पण रंग पातळच होता. गारठा उतरला होता. बाटली तशीच खाली ठेवली, ब्रशचे केस डब्याच्या काठाला निपटले आणि ‘४२’ च्या पुढं दोन बोटं जागा सोडून पहिली रेघ ओढली.